जैवऔषधे घडविणारे हात : एका विद्यापीठीय प्रयोगशाळेची ओळख

परमपूज्य डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या प्रेरणेने आपल्या समाजात शिक्षणाचा प्रसार झाला. आज आपली मुलेमुली मोठ्या संख्येने विज्ञान शाखेकडे वळत आहेत, ही समाधानाची गोष्ट आहे. परंतु बी.एस्सी.ची पदवी हाती आल्यावर घरोघरी एकच प्रश्न उभा राहतो, "आता पुढे काय?" नोकरीच्या मुलाखतीत गुण किती मिळाले हे विचारून झाले की दुसरा प्रश्न येतो, "हे यंत्र तुम्ही स्वतः चालविले आहे काय?" या प्रश्नापाशी आपले अनेक हुशार विद्यार्थी अडतात. दोष त्यांच्या बुद्धीचा नसतो. यंत्र त्यांच्या हाती कधी दिलेच गेलेले नसते.

हा अडथळा दूर करण्यासाठी अमेरिकेतील एका विद्यापीठाने जी प्रयोगशाळा उभारली, तिची माहिती आपल्या सभासदांना व विद्यार्थ्यांना व्हावी, या हेतूने हा लेख लिहिला आहे.

जैवऔषध म्हणजे काय?

आपण नेहमी घेतो त्या बहुतेक गोळ्या रासायनिक प्रक्रियेने तयार होतात. अ‍ॅस्पिरिनचा एक रेणू अवघ्या २१ अणूंचा असतो. तो कारखान्यात जोडता येतो. परंतु कर्करोगावर दिल्या जाणाऱ्या काही आधुनिक प्रतिपिंडांच्या एकेका रेणूत वीस हजारांच्या आसपास अणू असतात. एवढी गुंतागुंतीची रचना रसायने एकत्र करून साधत नाही. ती जिवंत पेशीच करू जाणे. म्हणून जिवाणू, यीस्ट किंवा प्राण्यांच्या पेशी वाढवून त्यांच्याकडून औषध तयार करून घेतले जाते. यालाच जैवऔषध म्हणतात.

मधुमेहाच्या रुग्णांना लागणारे इन्सुलिन हे याचे ठळक उदाहरण आहे. १९२१ साली कॅनडातील टोरांटो येथे त्याचा शोध लागला. पुढे सुमारे साठ वर्षे ते गाई-डुकरांच्या स्वादुपिंडापासून काढले जात होते. मानवी इन्सुलिनची जनुकीय सूचना जिवाणूच्या पेशीत घालून तयार केलेल्या इन्सुलिनला १९८२ साली अमेरिकेत मान्यता मिळाली आणि एका नव्या उद्योगाचा पाया घातला गेला. आपल्यापैकी कित्येकांनी २०२१ साली दंडावर टोचून घेतलेली कोविशील्ड ही लससुद्धा पुण्याच्या सीरम इन्स्टिट्यूटमध्ये पेशी वाढवूनच तयार झाली होती.

कारखान्यातील काम

या उद्योगात सारी माणसे मोठे शास्त्रज्ञच असतात, असा आपला समज असतो. तो बरोबर नाही. शोध लावणारे थोडे असतात. रोजच्या रोज औषध घडविणारे तंत्रज्ञ, परीक्षक, देखभाल करणारे, साठा सांभाळणारे आणि कागदपत्र तपासणारे पुष्कळ असतात.

कामाचा क्रम साधारण असा असतो. द्रव नायट्रोजनच्या थंडीत गोठवून ठेवलेली पेशींची एक छोटी कुपी बाहेर काढतात. पेशी आधी काचेच्या चंबूत, मग लहान टाकीत आणि शेवटी स्टेनलेस स्टीलच्या मोठ्या बंद टाकीत वाढवितात. या टाकीला बायोरिअ‍ॅक्टर म्हणतात. आतले तापमान, आम्लता, प्राणवायू आणि अन्नद्रव्ये यांवर रात्रंदिवस लक्ष ठेवावे लागते. सस्तन प्राण्यांच्या पेशींना बहुधा ३७ अंश सेल्सिअसच्या आसपास म्हणजे आपल्या शरीराएवढीच ऊब लागते. वाढ पुरी झाली की पेशी वेगळ्या काढायच्या. मग गाळण्या आणि क्रोमॅटोग्राफीचे स्तंभ यांतून द्रव नेऊन हवे तेवढेच प्रथिन निवडून घ्यायचे आणि अखेरीस ते निर्जंतुक कुप्यांत भरायचे. यातील एक झडप चुकीच्या वेळी उघडली तरी अनेक दिवसांचे काम वाया जाते.

अशा ठिकाणी नवख्या माणसाला थेट कोण उभे करील? उलट उभे केलेच नाही, तर तो शिकणार कसा? या पेचातून मार्ग काढण्यासाठी प्रशिक्षणाच्या प्रयोगशाळा निर्माण झाल्या.

रॅले येथील प्रयोगशाळा

अमेरिकेतील नॉर्थ कॅरोलिना हे राज्य पूर्वापार तंबाखूचे राज्य. धूम्रपानामुळे होणाऱ्या रोगांवर सरकारांना करावा लागलेला खर्च भरून मिळावा, म्हणून तेथील राज्यांनी सिगारेट कंपन्यांवर खटले भरले. १९९८ साली ४६ राज्ये आणि मोठ्या तंबाखू कंपन्या यांच्यात करार झाला. नॉर्थ कॅरोलिनाने आपल्या वाट्याच्या निम्म्या रकमेचा विनियोग करण्यासाठी १९९९ साली 'गोल्डन लीफ' नावाची संस्था स्थापन केली. तंबाखूवर जगणाऱ्या भागांना पर्यायी रोजगार मिळावा, हा तिचा हेतू.

या संस्थेच्या निधीतून रॅले शहरातील नॉर्थ कॅरोलिना स्टेट युनिव्हर्सिटीत जैवउत्पादनाचे प्रशिक्षण केंद्र उभे राहिले. ते २००७ साली सुरू झाले. सुमारे ८२ हजार चौरस फुटांच्या या इमारतीत वर्गखोल्या आहेतच, पण तिचे खरे वैशिष्ट्य म्हणजे तिच्यातील लहान प्रमाणावरील कारखाना. ३०० लिटरपर्यंतचे बायोरिअ‍ॅक्टर, शुद्धीकरणाची यंत्रे, स्वच्छ कक्ष, सारे काही खऱ्या कारखान्याच्या धर्तीवर आहे. पदवीचे विद्यार्थी येथे शिकतात, तसेच कंपन्यांत नोकरी करणारेही थोड्या मुदतीच्या वर्गांना येतात.

येथे चुकण्याची मोकळीक आहे, हे सर्वांत महत्त्वाचे. विद्यार्थ्यांनी तयार केलेला माल कोणाच्याही शरीरात जात नाही. अशा प्रशिक्षणात पुष्कळदा समुद्रातील एका जेलीफिशपासून माहीत झालेले हिरवे चमकणारे प्रथिन वापरतात. जंबुपार प्रकाशात ते हिरवे दिसते, त्यामुळे आपले प्रथिन कोठे आहे आणि कोठे सांडले, हे विद्यार्थ्याला डोळ्यांनी दिसते. पुस्तकातील चार पाने वाचून जे उमगत नाही, ते या हिरव्या रेघेने क्षणात उमगते.

पदवी नसलेल्यांचाही तेथे विचार झाला आहे. त्याच राज्यातील सामुदायिक महाविद्यालयांत शालान्त शिक्षण झालेल्यांसाठी 'बायोवर्क' नावाचा सव्वाशेहून अधिक तासांचा अभ्यासक्रम चालतो. तो पुरा करणारा या उद्योगाच्या पहिल्या पायरीवर उभा राहू शकतो.

लिहिले नाही ते घडले नाही

या प्रयोगशाळांत शिकविला जाणारा पहिला धडा यंत्राचा नसून नोंदीचा असतो. केलेले काम त्याच वेळी, शाईने, स्वतःच्या सहीनिशी लिहायचे. चूक झाली तर खाडाखोड करायची नाही. एक रेघ मारून शेजारी बरोबर आकडा, तारीख आणि सही करायची. एकाने केलेले दुसऱ्याने तपासायचे. बँकेच्या खातेवहीतही हीच शिस्त असते, तेव्हा आमच्यासारख्यांना ती परकी वाटत नाही. फरक इतकाच की खातेवहीतील चूक पैशांत भरून काढता येते, औषधातील चूक भरून काढता येत नाही.

याची किंमत जगाने मोजली आहे. १९३७ साली अमेरिकेत एका औषधात डायएथिलीन ग्लायकॉल हे विषारी द्रव्य वापरले गेले आणि शंभरावर माणसे दगावली. पुढच्याच वर्षी तेथे औषधांसंबंधी कडक कायदा झाला. तरीही १९८६ साली आपल्या मुंबईच्या जे. जे. रुग्णालयात त्याच विषाने दूषित झालेल्या ग्लिसरॉलमुळे १४ रुग्ण मृत्युमुखी पडले आणि न्यायमूर्ती लेन्टिन आयोगाने त्याची चौकशी केली. सरकारी रुग्णालयात जाणारा माणूस बहुधा गरीब असतो. म्हणजे औषधाच्या कारखान्यातील एका न झालेल्या तपासणीची शिक्षा प्रथम आपल्यासारख्यांच्याच घरी येते. म्हणून या क्षेत्रात आपली मुले असणे ही केवळ पोटापाण्याची गोष्ट नाही.

मोजता येणारी शुद्धता

औषध भरण्याच्या कक्षातील हवा सूक्ष्म गाळण्यांतून आत येते. सर्वांत स्वच्छ भागात एका घनमीटर हवेत अर्ध्या मायक्रॉनचे किंवा त्याहून मोठे कण ३५२० पेक्षा अधिक असता कामा नयेत, असा दंडक आहे. तेथील सर्वांत मोठा दूषितीकरणाचा धोका म्हणजे माणूस. आपल्या त्वचेवरून सतत सूक्ष्म कण गळत असतात. म्हणून आत जाणारा प्रत्येक जण डोक्यापासून पायापर्यंत निर्जंतुक पोशाख चढवितो. मग तो कंपनीचा संचालक असो वा कालच लागलेला मदतनीस. त्या दारात कोणाचे कूळ विचारले जात नाही, कारण प्रत्येकाची त्वचा सारखीच गळते.

आपल्या समाजाला 'शुद्धता' या शब्दाचा वेगळाच अनुभव आहे. १९२७ साली महाडच्या चवदार तळ्याचे पाणी बाबासाहेबांनी व त्यांच्या अनुयायांनी प्राशन केले, तेव्हा ते बाटले असे ठरवून पंचगव्याच्या घागरी ओतून त्याचे 'शुद्धीकरण' करण्यात आले. चांगल्या पाण्यात शेण आणि गोमूत्र मिसळले, आणि त्याला शुद्धी म्हटले! इंजेक्शनसाठी लागणारे पाणी मात्र कोणी स्पर्श केला यावरून नव्हे, तर त्यात जिवाणू किती आणि जिवाणूजन्य विष किती, हे मोजून शुद्ध ठरते. एक शुद्धता जन्मावर उभी आहे, दुसरी मोजमापावर. प्रत्यक्ष पारखून मगच स्वीकारा, असे सांगणाऱ्या बुद्धाच्या धम्माला दुसरीच मानवते.

सफाईच्या कामाचेही तसेच. गावाची घाण काढणे आणि मेलेली जनावरे ओढणे आपल्या पूर्वजांवर जन्माने लादले गेले, आणि ते काम हीन समजले गेले. जैवऔषधाच्या कारखान्यात टाकी धुणे हे शिकून, परीक्षा देऊन करावयाचे काम आहे. क्षाराने धुवायचे, शुद्ध पाण्याने खळबळायचे, १२१ अंशांच्या वाफेने निर्जंतुक करायचे, नमुना तपासायचा आणि सही करायची. त्या सहीवाचून पुढचे काम सुरू होत नाही. अतिसाराने मलमूत्रात पडलेल्या भिक्खूला तथागतांनी आनंदाच्या साहाय्याने स्वतः स्नान घातले, ही विनयपिटकातील कथा आपणांस ठाऊकच आहे. रुग्णासाठी केलेली स्वच्छता कधीच हीन नव्हती. तिला हीन ठरविणारी व्यवस्था हीन होती.

डरहॅमचे उदाहरण

रॅलेजवळच्या डरहॅम शहरात नॉर्थ कॅरोलिना सेंट्रल युनिव्हर्सिटी आहे. १९१० साली जेम्स शेपर्ड यांनी ती काळ्या विद्यार्थ्यांसाठी स्थापन केली, त्या वेळी गोऱ्यांच्या विद्यापीठांची दारे त्यांना बंद होती. त्या प्रदेशातील तंबाखूच्या शेतांत गुलामांनी घाम गाळला होता. पुढे तंबाखूच्या त्याच पैशांतून, 'गोल्डन लीफ'च्या साहाय्याने, या विद्यापीठातही जैवउत्पादनाची संशोधन व शिक्षण संस्था उभी राहिली. बाबासाहेबांनी १९४६ साली काळ्यांचे नेते डब्ल्यू. ई. बी. डु बॉइस यांना पत्र लिहून दोन्ही समाजांच्या स्थितीतील साम्य दाखविले होते. नवा उद्योग येताना आपल्या संस्थांतच त्याची प्रयोगशाळा उभी करून घेणे, हे डरहॅमकडून शिकण्यासारखे आहे.

आपण काय करावे?

या उद्योगासाठी आपल्याला परदेशी जाण्याची गरज नाही. परळची हाफकिन संस्था १८९९ पासूनची, पुण्याची सीरम इन्स्टिट्यूट १९६६ ची. बाबासाहेबांनी १९५० साली ज्या औरंगाबादेत मिलिंद महाविद्यालय सुरू केले, त्या शहरात, म्हणजे आजच्या छत्रपती संभाजीनगरात, जैवऔषधांचा उद्योग पोहोचला आहे. कारखाने जवळ आहेत. यंत्रापर्यंत पोहोचण्याची वाट मात्र शोधावी लागते.

विद्यार्थ्यांनी सूक्ष्मजीवशास्त्र, जीवरसायनशास्त्र वा जैवतंत्रज्ञानाला प्रवेश घेण्यापूर्वी महाविद्यालयात स्वतः जाऊन चार प्रश्न विचारावेत. फर्मेंटर आहे काय? तो चालू आहे काय? विद्यार्थी तो स्वतः हाताळतात, की लांबून पाहतात? एखाद्या कारखान्यात उमेदवारीची सोय आहे काय? खासगी संस्था भरमसाट शुल्क घेऊन प्रमाणपत्र देऊ पाहत असेल, तर हेच प्रश्न अधिक कसून विचारावेत. आय.टी.आय.मध्ये रासायनिक प्रकल्पाच्या ऑपरेटरचा अभ्यासक्रम असतो आणि १९६१ च्या शिकाऊ उमेदवार कायद्याखाली कारखान्यांत विद्यावेतनासह शिकता येते, ही माहितीही दहावी-बारावीच्या मुलांपर्यंत पोहोचली पाहिजे.

आपल्या संस्थेनेही यात पुढाकार घ्यावा. या उद्योगात नोकरी करणारे आपले बांधव शोधून वर्षातून एकदा त्यांचे मार्गदर्शन ठेवावे, विद्यार्थ्यांची एखाद्या प्रयोगशाळेला भेट घडवावी आणि गुणगौरव समारंभात टक्केवारीबरोबरच हाताचे कसब शिकणाऱ्या मुलामुलींचाही सत्कार करावा. याला मोठा निधी लागत नाही, चिकाटी लागते.

बाबासाहेबांनी आपल्या हाती पुस्तक दिले. त्या पुस्तकाच्या बळावर आता यंत्र, मोजमाप आणि सही यांवरही आपला हक्क सिद्ध करणे, हे पुढच्या पिढीचे कर्तव्य आहे.

जय भीम! नमो बुद्धाय!