समुद्र निवडताना तिथी बघावी

जाहिरातीत 'सी-टच' असं लिहिलेलं होतं. चार खोल्या, पुढे अंगण, अंगणात दोन माड आणि माडांना बांधलेला झोपाळा. फोटोत झोपाळ्यामागे निळंशार पाणी. पुण्याहून पहाटे निघून, घाट उतरून, दोनदा रस्ता चुकून आम्ही दुपारी तीनला पोचलो, तेव्हा समुद्राचा आम्हाला टच करण्याचा काहीही विचार दिसला नाही. अंगणापलीकडे काळ्या खडकांचा पट्टा, त्यापलीकडे घोटाभर चिखल आणि फार लांब एक चमकती रेघ. ती रेघ म्हणजे अरबी समुद्र. मालकांना विचारलं, तर ते शांतपणे म्हणाले, "येईल की. रात्री येईल." रात्री नऊच्या सुमारास तो खरंच आला, अगदी कुंपणापर्यंत. पण अंधारात, आणि आम्ही ताटावर बसलेलो असताना.

घरी परतल्यावर कॅलेंडर पाहिलं. त्या दिवशी द्वादशी होती. कोकणातल्या कुठल्याही शाळकरी पोराने आम्हाला निघण्याआधीच सांगितलं असतं की द्वादशीला दुपारी तीन वाजता तिथे पाणी सापडणार नाही. फोटो खोटा नव्हता. फोटो भरतीचा होता.

तेव्हापासून 'निवांत समुद्रकिनारा सुचवा' असं कुणी म्हटलं की मी आधी गावाचं नाव सांगत नाही, तारीख विचारतो. डोंगर बाराही महिने जागेवर असतो. किनारा मात्र महिन्यागणिक, तिथीगणिक आणि दिवसातसुद्धा चारदा बदलतो. आपण जागा ठरवतो, हॉटेल ठरवतो, गाडी ठरवतो, आणि ज्याच्यासाठी जायचं त्याची वेळ विचारायची राहून जाते.

महिन्याची गोष्ट पटकन उरकू, कारण ती सोपी आहे आणि तरीही तिथेच सर्वांत जास्त पैसे पाण्यात जातात. मराठी घराला सुट्ट्या मिळतात त्या मे महिन्यात, दिवाळीत आणि नाताळात. उष्ण कटिबंधातले किनारे आपल्या शाळांचं वेळापत्रक पाळत नाहीत, ते वारा पाळतात. नैर्ऋत्य मान्सून ज्या किनाऱ्याच्या तोंडावर येतो, तिथला समुद्र साधारण मे अखेर ते सप्टेंबर खवळलेला असतो. बेटाच्या पाठीकडच्या बाजूला त्याच काळात उघडीप असते. श्रीलंकेचंच बघा. गॉल, बेन्तोटा हा नैर्ऋत्येचा किनारा डिसेंबर ते मार्च उत्तम. मे महिन्यात जायचं असेल तर त्रिंकोमाली किंवा अरुगम बे, म्हणजे पूर्व किनारा. थायलंडमध्येही तसंच. फुकेत पश्चिमेला, त्याचा पावसाळा मे ते ऑक्टोबर. को सामुई आखाताच्या बाजूला, तिथे पाऊस कोसळतो तो ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये, नेमका आपल्या दिवाळीत. मालदीव डिसेंबर ते एप्रिल कोरडं असतं. बालीचा कोरडा हंगाम साधारण एप्रिलपासून ऑक्टोबरपर्यंत, म्हणून मेच्या सुट्टीला ते जमतं. अंदमानात मान्सून मे महिन्याच्या उत्तरार्धातच पोचतो. स्वराज द्वीपाच्या, म्हणजे जुन्या हॅवलॉकच्या, राधानगर किनाऱ्याची कितीही तारीफ ऐकली असली, तरी वीस मेनंतरचं बुकिंग म्हणजे पाऊस आणि रद्द होणाऱ्या बोटी यांच्याशी जुगार.

आता आपल्या घरच्या समुद्राकडे येऊ. मला विचाराल तर चार दिवस नुसतं पडून राहायला त्याच्याइतकी सोयीची जागा दुसरी नाही. पासपोर्ट नको, नाश्त्याला घावणे, आणि भाषा आपलीच, निदान निम्मी तरी.

पण कोकण म्हणजे एकच एक किनारा नव्हे. उत्तरेला, मुंबई-अलिबागकडे, उधाणाच्या दिवशी भरती आणि ओहोटी यांच्यातला फरक चार-पाच मीटरपर्यंत जातो. किनारे सपाट असल्यामुळे ओहोटीला समुद्र खूप मागे हटतो. अलिबागच्या कुलाबा किल्ल्यात लोक चालत जातात ते याच कारणाने. दक्षिणेला मालवण-वेंगुर्ल्याकडे हा फरक दोन मीटरच्या आसपास उतरतो. तिथे पाणी दिवसभर हाकेच्या अंतरावर राहतं. खोलीच्या ओट्यावर बसून लाटा बघत दिवस घालवायचा असेल तर जितकं दक्षिणेला जाल तितकं बरं, असा माझा सरळ हिशेब आहे. उत्तरेची ओली, लांबरुंद पुळण मुलांच्या क्रिकेटला झकास. पुस्तक घेऊन बसणाऱ्याला ती फार लांब पडते.

मग तिथी. आपल्या किनाऱ्यावरचा जुना ठोकताळा असा: तिथीच्या आकड्याची पाऊणपट केली की भरतीची वेळ येते. चतुर्थीला चार पाऊणे तीन, म्हणजे भरती तीनच्या सुमारास, पहाटेही आणि दुपारीही. अष्टमीला सहा. एकादशीला सव्वाआठ. पौर्णिमा-अमावास्येला साडेअकरा-बारा. त्यानंतर सहा तासांनी ओहोटी. पक्ष शुद्ध असो वा वद्य, गणित तेच. गावागावाप्रमाणे अर्धा-पाऊण तास इकडेतिकडे होतो, पण सहलीसाठी एवढं पुरतं. दुसरी गोष्ट अशी की पुनवेला आणि अवसेला उधाण असतं, पाणी चढतंही खूप आणि उतरतंही खूप. अष्टमीच्या आसपास भांगाची भरती, म्हणजे चढ-उतार बेताचा.

यातून प्रत्येकाला आपापला समुद्र निवडता येतो. ज्याला पहाटे आणि सूर्यास्ताला मैलभर रुंद, घट्ट वाळूवर चालायचं आहे, त्याने पौर्णिमा किंवा अमावास्या धरावी. दोन्ही वेळा ओहोटी असते. ज्याला सकाळी नाश्त्याआधी पाण्यात डुंबायचं आहे, त्याने नवमी ते एकादशी बघावी, कारण पाणी सकाळी चढत असतं, आणि चढतं पाणी माणसाला किनाऱ्याकडे ढकलतं. उतरत्या पाण्यात, विशेषतः खाडीच्या मुखाशी, कोकणातली माणसं पोरांना जाऊ देत नाहीत. पाहुण्यांना मात्र ते कुणी सांगत नाही, किंवा सांगितलं तरी पाहुणे ऐकत नाहीत.

इथे जरा थांबतो, कारण दर सुट्टीत वर्तमानपत्रात येणारी पर्यटक बुडाल्याची बातमी याच परिच्छेदातून जन्म घेते. वाळू भरड आणि किनारा उतरता असला की लाट पायाशीच फुटते, आणि चार पावलांवर पाणी गळ्याशी येतं. वाळू बारीक आणि उतार मंद असला की लाटा लांबवर फुटतात, पांढऱ्या फेसाचे तीन-चार पट्टे एकामागे एक दिसतात. मोबाइलवरच्या उपग्रह नकाशातही हे पट्टे घरबसल्या मोजता येतात. एकच अरुंद रेघ दिसली तर तो किनारा बघण्याचा, पोहण्याचा नाही. गणपतीपुळ्याला देवदर्शनाआधी पाण्यात उतरणाऱ्यांसाठी इशाऱ्याच्या पाट्या आहेत, त्या शोभेच्या नाहीत. आणखी एक: फुटणाऱ्या लाटांच्या रांगेत मध्येच एखादी जागा शांत, सपाट दिसते आणि आई-वडील नेमकं तिथेच मुलांना उतरवतात. किनाऱ्यावर आलेलं पाणी परत जातं ते बहुधा त्याच फटीतून. ओढले गेलात तर किनाऱ्याकडे झुंजत यायचं नाही, किनाऱ्याला समांतर पोहून ओढीतून बाहेर पडायचं आणि मग वळायचं. गोव्यात २००८ पासून किनाऱ्यांवर जीवरक्षक नेमलेले असतात, लाल बावटा लावतात. आपल्या शांत किनाऱ्यांवर बहुधा तुमचा जीवरक्षक तुम्हीच. शांततेची ही किंमत धरूनच जावं.

आता गावांकडे. माझा एक हट्ट आहे: विश्रांतीला जायचं तर 'पॉइंट' नसलेलं गाव निवडावं. जिथे किल्ला, डॉल्फिन, स्कूबा आणि सूर्यास्ताचा अधिकृत कट्टा आहे, तिथे माणूस हक्काने थकतो. मालवणात सिंधुदुर्ग किल्ला बघायलाच हवा, त्यात वाद नाही. पण तो वेगळा प्रवास. तारकर्ली-देवबाग एके काळी निवांत होतं. एका बाजूला कर्ली नदी आणि दुसऱ्या बाजूला समुद्र, मध्ये वाळूची चिंचोळी पट्टी. आता सुट्टीच्या दिवसांत त्या पट्टीवर गाड्याच गाड्या असतात. त्याच कर्लीच्या दक्षिण तीरावर, मुखाशी, भोगवे आहे. पलीकडच्या बोटींचा आवाज वाऱ्यावर येतो, गर्दी येत नाही. त्याच्याही खाली निवती. पुढे वेंगुर्ला ओलांडला की शिरोडा-वेळागर, सुरूच्या बनामागे सरळसोट किनारा. शिरोड्याला मिठागरं आहेत, १९३० मध्ये इथे मिठाचा सत्याग्रह झाला, आणि वि. स. खांडेकर १९२० मध्ये इथल्या शाळेत शिक्षक म्हणून आले ते अठरा वर्षं राहिले. एवढी माहिती पुरे, बघायला मुद्दाम जायची गरज नाही. रत्नागिरी जिल्ह्यात माझं मत गुहागरला: देवळं, वाड्या आणि समुद्र अशी एकामागे एक सरळ रांग, चिपळूण स्टेशनपासून तासा-दीड तासावर. गोवाच हवा असेल तर दक्षिण टोकाचं आगोंद किंवा गालजीबाग. गालजीबागला कासवं अंडी घालतात म्हणून बांधकामाला आणि गोंगाटाला थोडा तरी आळा आहे.

सिंधुदुर्ग १९९७ मध्ये पर्यटन जिल्हा जाहीर झाला. पुढच्या वर्षी कोकण रेल्वे पूर्ण सुरू झाली, आणि आता २०२३ पासून गोव्यातल्या मोपाच्या विमानतळामुळे वेंगुर्ल्याचा किनारा मुंबईकरांना फारच जवळ आला आहे. त्यामुळे 'अजून कुणाला माहीत नाही' असं गाव शोधण्याचा नाद मी सोडला. शनिवार-रविवार टाळला तरी निम्मं काम होतं.

एका जानेवारीत, सोमवार ते शुक्रवार, आम्ही भोगव्याच्या बाजूला एका घरी राहिलो. पहिल्या सकाळी त्या घरच्या काकूंनी विचारलं, "आज खंय जातलात?"

"कुठेच नाही."

"मगे बरा. जेवणाक काय करू?"

चार दिवसांत एवढाच काय तो कार्यक्रम ठरला. सकाळी समुद्र तळ्यासारखा असायचा. शाळेत पाठ केलेले मतलई वारे आणि खारे वारे इथे अंगाला कळतात: रात्रभर जमिनीवरून समुद्राकडे मंद वारा, दुपारी अकरा-बारानंतर तो उलटतो, आणि मग लाटांना फेस येतो, वाळू डोळ्यांत जाते. म्हणून समुद्र सकाळचा, दुपार झोपेची. हे वेळापत्रक वाऱ्याने घालून दिलेलं असल्यामुळे दुपारी झोपताना अपराधी वाटत नाही.

दुसऱ्या दिवशी ओहोटीला वाळूवर बसलो होतो. पाणी नुकतं हटलं होतं. पाचच मिनिटांत समोरच्या ओल्या वाळूत बारीक भोकं पडली आणि प्रत्येक भोकातून नखाएवढा खेकडा बाहेर आला. वाळू तोंडात घालायची, त्यातलं खाण्याजोगं ठेवायचं, उरलेल्या वाळूची गोळी करून मागे टाकायची. तासाभरात भोकाभोवती गोळ्यांच्या किरणांची रांगोळी. मग भरती येते आणि सगळं पुसते. वर, पाण्याच्या टप्प्याबाहेर, जांभळ्या फुलांची वेल वाळूवर पसरली होती. तिचं नाव मर्यादवेल. काकू म्हणाल्या, तिच्या अलीकडे घर बांधू नये, असं त्यांचे सासरे सांगायचे. आमच्या त्या 'सी-टच'वाल्याच्या अंगणात ही वेल होती का, ते आठवून पाहिलं. नाही आठवलं. आम्ही तेव्हा झोपाळ्याचे फोटो काढत होतो.

बुकिंगच्या फोनवर मी आता तीनच गोष्टी विचारतो. सकाळी दहाला घरापासून पाणी किती पावलांवर असतं? लोक पोहतात ते घरासमोर की लांब कुठे? आणि शेजारी लग्नाचा हॉल किंवा डीजेवाला कॅम्प आहे का? तिसऱ्या प्रश्नाला जो मालक हसतो, तिथे जायचं नाही. मासे मिळतील का, हे विचारायची गरज नसते, पण जून-जुलैत मासेमारी बंद असते आणि तेव्हा ताटात येणारा सुरमईचा तुकडा बर्फातला असतो, हे ध्यानात ठेवावं.

शेवटच्या दिवशी सकाळी किनाऱ्यावर रापण लागली होती. होडीने अर्धवर्तुळात टाकलेलं लांबलचक जाळं, दोन्ही टोकांचे दोर किनाऱ्यावर, आणि प्रत्येक दोराला पंधरा-वीस माणसं. मी नुसता बघत उभा होतो, तर एका म्हाताऱ्याने मानेने खूण केली. दोर हातात घेतला. ओला, काथ्यासारखा खरखरीत, आणि समुद्र पलीकडून ओढतो आहे असं वाटावं इतका जड. तासभर मागे-मागे पावलं टाकली. जाळं वाळूवर आलं तेव्हा त्यात बांगडे होते, थोडी तारली, दोन झिंगे आणि बरीचशी पिशव्यांची घाण. म्हाताऱ्याने घाण बाजूला केली आणि चार बांगडे माझ्या हातात ठेवले. दोर धरणाऱ्याला वाटा असतो.

काकूंनी ते तिरफळं घालून तिखल्यात टाकले. तळहाताची सालं निघाली होती, भात कालवताना तिखट चांगलंच झोंबलं. निघायला दुपारचे दोन वाजले. गाडीत बसताना बायकोने कॅलेंडर काढलं आणि पुढच्या माघातली एकादशी कोणत्या वारी येते ते बघायला लागली.