टीडीएस मीटरला शिसं दिसत नाही

जानेवारी २०२५मध्ये सिंहगड रस्त्याच्या परिसरात जीबीएसचे (गिलन-बारे सिंड्रोम या मज्जातंतूंच्या आजाराचे) रुग्ण वाढले, संशय दूषित पाण्यावर आला आणि पुण्यात घरोघरी पाणी उकळलं जाऊ लागलं. जंतूंसाठी तो उपाय योग्यच होता. शिसं, आर्सेनिक, कॅडमियम या जड धातूंचं गणित मात्र वेगळं आहे.

गैरसमज : पाणी उकळलं की सगळे दोष जातात.
वस्तुस्थिती : उकळताना वाफ होते ती पाण्याची, शिसं पातेल्यातच राहतं. दोन लिटरचं दीड लिटर झालं, तर त्याचं प्रमाण उलट एक तृतीयांशाने वाढतं.

गैरसमज : बोअरचं पाणी नितळ आहे, चवीला गोड आहे, मग भीती कसली?
वस्तुस्थिती : भारतीय मानक आयएस १०५००नुसार शिशाची मर्यादा लिटरमागे ०.०१ मिलिग्रॅम आहे. म्हणजे हजार लिटरच्या टाकीत अवघे १० मिलिग्रॅम, तांदळाच्या एका दाण्याहूनही हलकं. एवढंसं शिसं जिभेला कळत नाही. लहान मुलांच्या मेंदूची वाढ मात्र शिशाने खुंटू शकते.

गैरसमज : टीडीएस कमी, म्हणजे पाणी सुरक्षित.
वस्तुस्थिती : हा मीटर पाण्यातून वीज किती सहज वाहते, ते मोजतो आणि त्यावरून विरघळलेल्या क्षारांचा अंदाज देतो. शिसं मर्यादेच्या पाचपट असलं, तरी ते लिटरमागे ०.०५ मिलिग्रॅमच भरतं. मीटरवरचा २००चा आकडा त्याने हलत नाही.

गैरसमज : रासायनिक सेन्सरचा रंग बदलला, म्हणजे निकाल लागला.
वस्तुस्थिती : सेन्सरमधला रेणू ठरावीक धातूला धरतो आणि रंग किंवा चमक बदलतो. जुनं उदाहरण डायथिझोनचं. हिरवं डायथिझोन शिशाशी जोडलं गेलं की लाल होतं. पण जस्तही त्याला लालसर करतं, आणि जस्त तर जस्ताचा मुलामा दिलेल्या जीआय पाइपातूनही पाण्यात उतरतं. म्हणूनच नेमका धातू ओळखणाऱ्या रेणूंचा शोध चालू आहे. पुण्यात पाषाणच्या ‘आयसर’ या विज्ञान संशोधन संस्थेत सुजित घोष यांचा गट पाण्यातली विषारी प्रदूषकं ओळखणाऱ्या आणि शोषून घेणाऱ्या सच्छिद्र पदार्थांवर काम करतो. सेन्सर संशय दाखवतो; खात्री प्रयोगशाळेतच करावी लागते.

बोअर किंवा टँकरवर चालणाऱ्या सोसायट्यांनी मान्यताप्राप्त प्रयोगशाळेत नमुना देताना शिसं, आर्सेनिक, कॅडमियम, क्रोमियम ही नावं अर्जावर स्वतः लिहावीत. नेहमीच्या तपासणीत धातू असतीलच असं नाही. पाइपातल्या शिशाची शंका असेल, तर रात्रभर नळात साचलेल्या, पहाटेच्या पहिल्या पाण्याचा नमुना वेगळा द्यावा.