वकीलपत्रावर सही करण्याआधी

दवाखान्यात काही विपरीत घडलं, की घरातली पुरुषमंडळी डॉक्टरांच्या अंगावर धावून जातात आणि आपण बायका नशिबाला बोल लावून गप्प बसतो. दोन्हींतून हाती काहीच लागत नाही. पुढे कुणीतरी म्हणतं, "केस करा." मग शेजाऱ्यांच्या भाच्याच्या ओळखीचे एक वकील येतात आणि आपण मुकाट्याने वकीलपत्रावर सही करतो. भगिनींनो, दुधीसुद्धा नख लावून पाहणाऱ्या आपण इथेच अशा भोळ्या का होतो?

वकिलांचा विचार नंतर. आधी कागद! केसपेपर, ऑपरेशनची नोंद, नर्सबाईंनी लिहिलेला ताप-नाडीचा तक्ता, तपासण्यांचे रिपोर्ट, डिस्चार्ज कार्ड, या सगळ्यांच्या प्रती लेखी अर्ज करून मागा आणि अर्जाच्या आपल्या प्रतीवर पोच घ्या. वैद्यकीय परिषदेच्या २००२ च्या नियमांप्रमाणे मागणीनंतर ७२ तासांत हे कागद द्यावे लागतात. बिलं आणि औषधांच्या चिठ्ठ्या घरातच असतात. फक्त रद्दीत जाऊ देऊ नका.

आता एक कटू गोष्ट. माणूस दगावलं म्हणजे डॉक्टर चुकलेच, असं कायदा मानत नाही. पुरेशी काळजी घेऊनही उपचार फसतात. हलगर्जी दाखवावी लागते. १९६३ साली औरंगाबादच्या सरकारी रुग्णालयात एका बाळंतिणीचं कुटुंबनियोजनाचं ऑपरेशन झालं. ताप आला, पोट दुखू लागलं. पोट पुन्हा उघडलं, तर आत टॉवेल राहिलेला! ती बिचारी वाचली नाही. नवऱ्याने दावा लावला. खालच्या कोर्टाने ३६ हजारांची भरपाई दिली, हायकोर्टाने निकाल फिरवला आणि सुप्रीम कोर्टाने तो पुन्हा त्याच्या बाजूने दिला, तो १९९६ साली. बाई गेल्यावर तेहतीस वर्षांनी.

पोटातला टॉवेल ही हलगर्जी आहे हे कुणालाही कळतं. पण चुकीचं औषध, उशिरा केलेलं सिझेरियन यांत बहुधा दुसऱ्या डॉक्टरांचं लेखी मत लागतं. म्हणून वकिलांना पहिला प्रश्न हाच करा, "हे कागद तुम्ही कुठल्या डॉक्टरांना दाखवणार?" उत्तर देताना जे चाचरतील, त्यांनी अशी केस चालवलेली नाही असं समजा.

दुसरा प्रश्न, कुठे जायचं? पैसे देऊन घेतलेल्या उपचारांबद्दल ग्राहक आयोगात जाता येतं. सुप्रीम कोर्टाने १९९५ सालीच तसा निर्णय दिला आहे. आपण राहतो त्या जिल्ह्यातही तक्रार चालते. दवाखान्याला दिलेली रक्कम पाच लाखांपर्यंत असेल, तर तक्रारीची फी नाही. मुदत मात्र दोन वर्षांची. सुतकात आणि वर्षश्राद्धात ती कशी सरते, कळतही नाही. जिथे सगळ्यांवरच फुकट उपचार होतात, त्या रुग्णालयाविरुद्ध हा मार्ग बंद. तिथे दिवाणी दावा लावावा लागतो. एवढा फरक तुमच्या वकिलांना तोंडपाठ हवा.

फाइल न उघडताच "वीस लाख मिळवून देतो" म्हणणाऱ्यांचा चहासुद्धा घेऊ नका. उलट कागद वाचून "ताई, यात केस होत नाही" असं सांगणाऱ्यांना सल्ल्याची फी आनंदाने द्या. तुमचे पैसे आणि कितीतरी वर्षं त्यांनी वाचवलेली असतात.

फी आधीच ठरवा आणि पावती मागायला लाजू नका. "मिळेल त्यातले तीस टक्के माझे" असा सौदा बार कौन्सिलच्या नियमांत बसत नाही. कोऱ्या कागदावर सही तर "हे" सांगत असले तरी करू नका! आणि गंमत पाहा, डॉक्टरांविरुद्ध ग्राहक आयोगात जाता येतं, पण वकिलांविरुद्ध नाही. सुप्रीम कोर्टाने २०२४ साली तसंच ठरवलं. त्यांच्या गैरवर्तनाची तक्रार बार कौन्सिलकडे करायची. तेव्हा पारख आधीच केलेली बरी.

हातात पैसेच नसले तर? १९८७ च्या कायद्याने बाईला सरकारतर्फे मोफत वकील मिळतो. नवऱ्याचा पगार किती, हे कुणी विचारत नाही. जिल्हा न्यायालयाच्या आवारात जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाचं कार्यालय असतं. तिथे अर्ज करा. जाताना कागदांची झेरॉक्स न्या, मूळ प्रती घरच्या कपाटातच राहू द्या.