स्वाराचे पर्जन्यवस्त्र

सह्याद्रीच्या पर्जन्यछायेत वसलेल्या बीड जिल्ह्यात पाऊस मोजकाच येतो खरा. परंतु बालाघाटाच्या उघड्या पठारावर भाद्रपदातील सर ज्याला घोड्यावर गाठते, त्या स्वाराला आडोसा मिळणे दुरापास्तच. घोड्यावर बिऱ्हाड लादून मेंढरांमागे फिरणाऱ्या धनगराने याचा बंदोबस्त घोंगडीची खोळ पांघरून केव्हाच केला आहे. लोकरीच्या तंतूचे बाह्य आवरण जलविरोधी असल्याने थेंब त्यावरून ओघळतो. आतील गाभा मात्र बाष्प शोषतो, आणि स्ववजनाच्या सुमारे ३० टक्के ओलावा सामावूनही, शोषणाच्या क्रियेत उष्णता बाहेर पडत असल्यामुळे, अंगाला ऊबच देतो. दोष एवढाच, की मुसळधारेत घोंगडी भिजून जडशीळ होते.

१८२३ साली चार्ल्स मॅकिन्टॉश याने दोन कापडांमध्ये रबराचा थर बसविण्याचे पेटंट घेतले. त्या वस्त्राने पाणी अडविले, पण घामही कोंडला. ही अडचण १९६९ मध्ये बॉब गोर याने ताणून सिद्ध केलेल्या टेफ्लॉनच्या पापुद्र्याने सुटली, कारण त्याची सूक्ष्म छिद्रे थेंबाहून कितीतरी लहान, परंतु बाष्पाच्या रेणूहून मोठी असतात.

वस्त्र कोणतेही असो, ते मागे उभे चिरलेले, मांड्यांसह खोगीर झाकणारे आणि वाऱ्याने न फडफडणारे असावे. कारण प्लास्टिकच्या सळसळीने बुजलेला घोडा स्वाराला पावसाच्याही आधी जमीन दाखवितो.