निराळी ढब ही लबाडी काय ?

खेळाच्या मैदानावर एखाद्या गड्यानें रूढ पद्धत सोडून निराळी ढब काढली आणि त्यांतच तो जिंकूं लागला, कीं पाहणारांच्या तोंडून पहिला शब्द निघतो तो 'लबाडी' हा. शाळेच्या अंगणांतहि ही तक्रार वरचेवर कानीं येते. तिचा निवाडा कसा करावा, हें समजण्यास टेनपिन बोलिंग व गोल्फ या दोन परदेशी खेळांतील वाद फार उपयोगी आहेत. कारण एकांत विलक्षण ढब मान्य झाली, तर दुसऱ्यांत ती नियमानें बंद पडली.

प्रथम बोलिंगचें पाहूं. ही क्रिकेटमधील गोलंदाजी नव्हे. एका गुळगुळीत पट्टीवरून जड गोळा सोडावयाचा आणि ६० फुटांवर त्रिकोणांत मांडलेल्या दहा खुंट्या पाडावयाच्या, असा हा खेळ आहे. गोळ्याचें वजन १६ पौंडांपर्यंत असूं शकतें. सामान्य खेळाडू गोळ्याच्या भोकांत अंगठा व दोन बोटें घालून एका हातानें तो सोडतो. ऑस्ट्रेलियाचा जेसन बेलमॉण्टे हा मात्र अंगठा बाहेरच ठेवतो, आणि दुसऱ्या हाताचा आधार अगदीं शेवटच्या क्षणापर्यंत काढीत नाहीं. त्याच्या आईबापांचें बोलिंगगृह होतें व तो बोलूं लागण्याच्या वयांतच तेथें खेळूं लागला. तेवढ्या पोराला गोळा एका हातानें कसा पेलणार ? त्यानें दोन्ही हात लावले, आणि तीच संवय पुढें कायम राहिली.

या ढबीचा फायदा कोठें आहे तें नीट पाहिलें पाहिजे. पट्टीच्या अलीकडील भागावर तेलाचा पातळ थर दिलेला असतो. त्यावरून गोळा घसरत जातो. पुढें कोरडा भाग लागला, कीं त्याची फिरकी जमिनीला पकडते व तो वळून खुंट्यांत तिरका शिरतो. तसा शिरला म्हणजे खुंट्या एकमेकींवर आपटून एकदम आडव्या होतात. दोन हातांनीं ही फिरकी जबर मिळते. पण तीच फिरकी एखादी एकटी खुंटी उरली असतां अडचणीची होते. कारण तेथें गोळा सरळ जावयास हवा असतो. शिवाय धांवत येऊन, कंबरेंत फार वांकून गोळा सोडण्याचा ताण पाठीला सोसावा लागतो तो निराळाच. २०१९ सालीं बेलमॉण्टेनें अकरावी प्रमुख स्पर्धा जिंकून अर्ल अँथनी व पीट वेबर यांचा दहांचा विक्रम मोडला, आणि २०२३ पर्यंत ही संख्या १५ वर नेली. तथापि त्याची पद्धत कोणी बंद केली नाहीं. एकच हात वापरावा, असा नियम नव्हताच. आणि ज्याला मेहनत करावयाची असेल, त्याला ती पद्धत शिकण्यास मोकळीक होती. नियामकांनीं हात घातला तो गोळ्याला : १ ऑगस्ट २०२० पासून अमेरिकेंतील नियामक संस्थेनें, पकडण्याच्या कामीं न येणारें भोक गोळ्याला असूं नये, असें ठरविलें.

आपल्या परिचयाच्या क्रिकेटमध्यें तरी काय झालें ? खांद्यावरून हात फिरवून चेंडू टाकणें हें १८६४ पर्यंत नियमबाह्य होतें. उलट, चेंडू जमिनीवरून सरपटत सोडणें पुष्कळ वर्षें नियमांत बसत होतें. १ फेब्रुवारी १९८१ रोजीं मेलबर्न येथें न्यूझीलंडला बरोबरीसाठीं शेवटच्या चेंडूवर सहा धावा हव्या असतां, कर्णधार ग्रेग चॅपेल याच्या सांगण्यावरून त्याचा भाऊ ट्रेव्हर यानें तसा चेंडू सोडला. नियम मोडला नाहीं; परंतु फलंदाजाला टोला मारण्याची संधीच उरली नाहीं. तेव्हां ढब जुनी कीं नवी, सुंदर कीं बेढब, हें न पाहतां, तिच्यामुळें खेळांतील कसोटी कायम राहते कीं नाहींशी होते, हें विचारणें मला योग्य वाटतें.

गोल्फचा वाद येथेंच येऊन अडतो. छिद्राजवळच्या हिरवळीवर चेंडू हलकेच लोटण्यासाठीं पटर नांवाची काठी असते. अंतर थोडें, पण मोठमोठ्यांचे हात येथेंच कांपतात. ऐन वेळीं मनगटाला बसणाऱ्या हिसक्याला खेळाडू 'यिप्स' म्हणतात. त्यानें गांजलेला सॅम स्नीड हा १९६६ मध्यें चेंडूच्या रेषेच्या दोन्ही बाजूंस पाय ठेवून, क्रोकेच्या खेळाप्रमाणें पायांमधून चेंडू मारूं लागला. १९६८ पासून ही रीत बंद झाली. तो नियम मला तितकासा पटत नाहीं. काठी तर तो मोकळीच फिरवीत होता. दिसावयास वाईट म्हणजे अन्याय, असें थोडेंच आहे? स्नीडनें दोन्ही पाय रेषेच्या एका बाजूस घेतले आणि आपला खेळ चालूं ठेवला.

लांब पटरची गोष्ट वेगळी आहे. त्याचें वरचें टोक पोटाला, छातीला किंवा हनुवटीला घट्ट टेकविलें, म्हणजे तें बिजागरीसारखें स्थिर होतें. काठी लंबकासारखी झुलते व हाताचा कंप तिच्यांत फारसा उतरत नाहीं. २०११ ते २०१३ या अवधींत कीगन ब्रॅडली, वेब सिम्प्सन, अर्नी एल्स व अ‍ॅडम स्कॉट या चौघांनीं असा पटर टेकवून एकेक प्रमुख स्पर्धा जिंकली. मे २०१३ मध्यें नियामकांनीं टेकविण्याची बंदी जाहीर केली, आणि १ जानेवारी २०१६ पासून ती अमलांत आली. टेकविणारांचे गुण आंकड्यांनीं अधिक ठरतात, असा त्यांचा दावा नव्हता. संपूर्ण काठी मोकळेपणीं फिरविणें हाच गोल्फचा गाभा आहे, असें त्यांचें म्हणणें होतें. तें मला मान्य आहे. मन ताब्यांत ठेवून हात स्थिर राखणें हीच जर कसोटी, तर ती छातीच्या आधारावर सोंपवून कसें चालेल ? परंतु ही बंदी फार उशिरा आली, हेंहि सांगितलें पाहिजे. १९८९ मध्येंच ऑर्व्हिल मूडी यानें लांब पटर घेऊन ज्येष्ठांची अमेरिकन खुली स्पर्धा जिंकली होती. इतकीं वर्षें जी रीत चालूं दिली, जिच्यावर कित्येकांनीं आपली उपजीविका उभारली, ती एकाएकीं दोषी ठरविणें त्यांना जड गेलें असल्यास नवल नाहीं.

काठीची लांबी मात्र नियमानें तोडली नाहीं. काढला तो केवळ टेका. जर्मनीचा बर्नहार्ड लँगर हा कित्येक वर्षें लांब पटर टेकवूनच खेळत असे. बंदीनंतर त्यानें तोच पटर छातीपासून दूर धरून खेळण्याचा सराव केला, आणि २०२३ सालीं, वयाच्या ६५ व्या वर्षीं, ज्येष्ठांची तीच अमेरिकन खुली स्पर्धा जिंकली.