जुन्या लॅपटॉपवर विंडोज ११? हो, चालतं!

१४ ऑक्टोबर २०२५ ला विंडोज १० चा मोफत सपोर्ट संपला आणि धडधाकट लॅपटॉप भंगारात निघू लागले. मंडळी, थांबा जरा! विंडोज ११ ला अधिकृतपणे इंटेलचा साधारण आठव्या पिढीचा प्रोसेसर आणि टीपीएम २.० हा सुरक्षा घटक लागतो. पण सहाव्या-सातव्या पिढीच्या बऱ्याच मशीनमध्ये टीपीएम असतोच, फक्त बायोसमध्ये बंद असतो. तिथे ‘पीटीटी’ नावाचा पर्याय शोधा.

प्रोसेसरच यादीत नसेल तर रुफस हे मोफत सॉफ्टवेअर वापरा. मायक्रोसॉफ्टच्या साइटवरून आयएसओ फाइल घ्या, ८ जीबीचा पेनड्राइव्ह लावा. रुफसमध्ये ती फाइल निवडून स्टार्ट दाबल्यावर एक छोटी खिडकी उघडते. त्यात रॅम, सिक्युअर बूट आणि टीपीएमची अट काढण्याच्या पर्यायावर टिक करा. मग त्याच पेनड्राइव्हवरून मशीन बूट करून इन्स्टॉल करा.

एक अट मात्र कुणालाच चुकवता येत नाही. २४एच२ आवृत्तीपासून प्रोसेसरला एसएसई ४.२ आणि पॉपकाउंट या सूचना समजाव्याच लागतात. म्हणजे कोअर टू ड्युओवाल्यांनी सरळ लिनक्स मिंट टाकावं, उत्तम चालतं.

अशा प्रकारे टाकलेल्या विंडोज ११ ला दरमहाचे सुरक्षा अपडेट सहसा येतात, पण मायक्रोसॉफ्ट त्याची हमी देत नाही. वर्षाची मोठी आवृत्ती पुन्हा हातानेच टाकावी लागते.

हार्ड डिस्क असेल तर आधी एसएसडी बसवा, खरा फरक तिथेच पडतो. आणि बॅकअप घेतल्याशिवाय कशालाही हात लावू नका!