सांगकाम्याचा निरोप

लहान मुलास 'दुकानात जाऊन ये' एवढेच सांगितले, तर तो जाऊन येतो. जिन्नस मिळाला की नाही, हे आपण विचारावे तेव्हा सांगतो. एका आज्ञावलीने दुसरीला कामाला लावले म्हणजे असेच घडते, हा धडा आम्हांस गेल्या उन्हाळ्यात मिळाला.

आमच्या सीमाभागातील शाळेचा एक माजी विद्यार्थी सुटीत मुलांना 'गो' ही संगणकभाषा शिकवीत होता. ही भाषा गूगलने २००९ साली प्रसिद्ध केली. तीत लिहिलेल्या मजकुरावरून 'गो बिल्ड' ही आज्ञा यंत्रावर चालणारी फाइल बांधते. मुलांची उत्तरे तपासण्यासाठी त्याने 'पायथन' भाषेत एक परीक्षक आज्ञावली रचली. ती एकेक उत्तर उचली, 'गो बिल्ड'ला हाक मारी, बांधलेली फाइल चालवी आणि गुण मांडी.

निकालपत्रावर आम्ही सही केली. दुसऱ्या दिवशी एक मुलगी येऊन म्हणाली, "सर, माझ्या उत्तरात कंस राहिला होता. तरी पूर्ण गुण कसे मिळाले?"

शोध घेता उलगडा झाला. तिचे उत्तर बांधले गेलेच नव्हते. आणि बांधणी फसली की आधीची फाइल जागच्या जागी राहते. परीक्षकाने त्याच नावाची, आधीच्या मुलाची फाइल चालविली व त्याचे गुण हिच्या नावे लिहिले.

'गो'चा यात दोष नव्हता. काम संपताना प्रत्येक आज्ञा एक अंक मागे ठेवते: शून्य म्हणजे यश, अन्य अंक म्हणजे अपयश. पायथनचे 'सबप्रोसेस.रन' तो अंक आणून देते. पण 'चेक' हा पर्याय मागितल्यावाचून अपयशावर स्वतः थांबत नाही. आमच्या परीक्षकाने तो अंक पाहिलाच नव्हता.

मग दुरुस्ती झाली. प्रत्येक उत्तरास स्वतंत्र रिकामे फोल्डर दिले. अंक शून्य असल्याखेरीज पुढे जायचे नाही, असे ठरविले. चुकीचा संदेश त्या त्या मुलास दाखविला. आणि न थांबणाऱ्या उत्तरांसाठी काळमर्यादा घातली.

नव्या निकालात त्या मुलीचे गुण घटले. प्रार्थनेच्या वेळी आम्ही तिचे नाव अभिमानाने घेतले आणि न वाचता केलेल्या आपल्या सहीची कबुलीही सर्वांसमक्ष दिली. काम दुसऱ्यावर सोपविता येते; त्याचे उत्तर ऐकण्याची जबाबदारी मात्र आपलीच उरते.